मुद्दलाला हात लावायचा नाही

लिहून ठेवणार : दैवशाला मच्छिंद्र तौर, वय ६८ वर्षे, धंदा प्राध्यापकी (प्राचीन इतिहास), आता निवृत्त, राहणार शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझ्या पोटात गाठ आहे आणि ती आता कुणाचं ऐकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. डोकं मात्र जागेवर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मी माझ्या खुशीने लिहीत आहे, कुणाच्या धाकाने किंवा फूस लावल्याने नाही. मला फूस लावणं एवढं सोपं असतं तर मी केव्हाच विभागप्रमुख झाले असते. मसुदा अ‍ॅडव्होकेट वंदना गाढे यांनी तपासला. त्यांनी लाल शाईने खोडलेलं मी काही ठिकाणी परत लिहिलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

कलम १. महामार्गाच्या कडेचं आमचं घर, पुढचा दिवाणखाना, मागच्या तीन खोल्या आणि अंगण, हे सगळं माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान कै. मच्छिंद्र यांचं समोरच टायरचं दुकान होतं. त्यांनी घर बांधलं आणि माझ्या नावावर केलं. लोक हसले. त्यांना म्हणाले, "बायकोच्या नावावर? येडा झालास का?" हे म्हणाले, "तिला पुस्तकं ठिवायला जागा लागती. मला काय, मी दिवसभर ट्रकखालीच ऱ्हातो." माझा एक लेखसुद्धा त्यांनी कधी वाचला नाही. पण गोदावरीचं पाणी उतरलं की सकाळी माझ्याबरोबर नदीत यायचे आणि खापराचा तुकडा उचलून विचारायचे, "हे जुनं हाय का आपल्याच रांजणाचं?" बऱ्याचदा ते आपल्याच रांजणाचं निघायचं. असा माणूस मला मिळाला, याचं मला आजही नवल वाटतं. दुकानातला जॅक, कंप्रेसर, पाने, हातोडे हे सगळं आता दुकान चालवणाऱ्या मिथुनला द्यावं. तो ते वापरतोच आहे, फक्त आता त्याचं म्हणून वापरील.

कलम २. आता कामाचं. दिवाणखान्यात जे आहे त्याला माझे नातेवाईक "पसारा" म्हणतात. त्यात नदीकाठची खापरं व मणी, लेण्यांतल्या शिलालेखांचे फोटो, आणि आसपासच्या गावांतल्या बायकांच्या ओव्यांच्या कॅसेटी आहेत. नाणी जी सापडली ती त्या त्या वेळी सरकारजमा केली आहेत, तेव्हा कुणी फरशा उकरू नयेत. हा सगळा संग्रह मी वाटूरच्या शीतल डोंगरे हिला देते.

शीतल कोण, हे लिहिणं भाग आहे, कारण माझ्या मागे लोक विचारणारच. ती मराठी साहित्यात एम.ए. आहे आणि पीएच.डी. करते आहे. पूर्वी माणसं आपली ठेव कुणाच्या भरवशावर ठेवायची, तो भरवसा शिलालेखांत कसा दिसतो, ओव्यांत कसा येतो आणि आजच्या बचत गटात कसा चालतो, हा तिचा विषय. म्हणजे इतिहासही आला, साहित्यही आलं आणि वित्तशास्त्रही आलं. अशा विषयाला आपल्याकडे कुणी घरात घेत नाही. साहित्यवाले म्हणाले, यात आकडे फार. वाणिज्यवाले म्हणाले, यात गाणी कशाला? आणि इतिहासवाल्यांनी, म्हणजे माझ्याच माणसांनी विचारलं की जिवंत बायका इतिहासात कशा बसवता? पोरगी माझ्याजवळ येऊन ढसाढसा रडली. "मॅडम, मी कुठंच बसत न्हाई." मी म्हणाले, "बसत नसशील तर उभी राह्य. पण विषय सोडू नको." शेवटी तिची नोंदणी झाली. पण तिला वाटूरहून इथे येऊन बसायला जागा लागते, गावोगाव फिरायला गाडीभाडं लागतं, आणि तिच्या घरी दोन्ही नाही. मी गेल्यावर हे काम बुडू नये, यासाठी हा कागद आहे. बाकी सगळं भरीला आहे.

कलम ३. माझ्या निवृत्तीच्या रकमेतले पाच लाख रुपये मुदत ठेवीत आहेत. ते मी गावातल्या महिला बचत गटाकडे अक्षयनीवी म्हणून ठेवते.

वंदनाबाईंनी या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत, म्हणून उलगडून सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणाला कायमचं दान द्यायचं असलं, की रक्कम विणकरांच्या नाहीतर तेल्यांच्या श्रेणीकडे ठेवायचे. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांची संघटना. त्यांनी ती रक्कम धंद्यात वापरायची आणि येणाऱ्या वाढीतून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. मुद्दल परत मागायचं नाही, मोडायचंही नाही. नाशिकच्या लेण्यांत हे दगडावर लिहिलेलं आहे. मी जन्मभर हे पोरांना शिकवलं आणि स्वतःचे पैसे मात्र बँकेत ठेवले.

आजची श्रेणी शोधायला मला लांब जावं लागलं नाही. गटाच्या अध्यक्ष उषाबाई महामार्गावर रसवंती चालवतात. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, बराबर सांगा. हे पैशे आमाला देऊन राह्यल्या का ठिवून राह्यल्या?" मी म्हणाले, ठेवते. "मंग कवा परत न्यायचे?" कधीच नाही. हे ऐकून सगळ्याजणी एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बया, हे तर माहेरच्या गायीवानी झालं. दूध काढायचं, गाय इकायची न्हाई." शीतलने ते तिथल्या तिथे टिपून घेतलं. प्रबंधात येईल.

तरी अटी लिहिते. गटाने ही रक्कम नेहमीप्रमाणे सभासदांना कर्जाऊ द्यावी. त्यावर येणाऱ्या व्याजातला निम्मा भाग गटाचा. निम्मा भाग आधी शीतलच्या संशोधनाला, आणि ती डॉक्टर झाल्यावर असाच कुठे न बसणारा विषय घेऊन येणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी. मुद्दलाला कुणीही हात लावायचा नाही. गटानेही नाही, शीतलनेही नाही, अडचण कितीही खरी असली तरी नाही.

जुन्या दानलेखांत शेवटी शाप असायचा. जो हे दान मोडील त्याच्यासाठी दगडावर गाढवाचं चित्र काढून अशी काही शिवी घालायचे, की ती मला वर्गात वाचून दाखवता आली नाही. या कलमाखाली तसं चित्र काढायची माझी फार इच्छा होती. वंदनाबाई हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, रजिस्ट्रारसमोर मला उभं राहायचंय." म्हणून सोडून दिलं.

कलम ४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्राध्यापक बदरोद्दीन यांनी करावी. ते शीतलचे मार्गदर्शक आहेत. वित्तशास्त्र शिकवतात, आणि स्वतः एक रुपया व्याज घेत नाहीत. आमच्या स्टाफरूममध्ये पोरं त्यांना छेडायची, "सर, मंग शिकवता कशाला?" ते म्हणायचे, "अरे, मी शिकवतो, घेत न्हाई. डॉक्टर काय रोज बिमार पडतो का?" ज्याला व्याजाचा मोह नाही असाच माणूस व्याजावर नजर ठेवायला बरा, असं माझं मत झालं. त्यांना सांगितलं तर आधी बिलकुल तयार होईनात. "बाई, तुमचा लडका हाय, त्याला सोडून मी मधी कुठं?" मग त्यांच्या पत्नी रजियाभाभींनी आतून आवाज दिला, "हो म्हणा की! बाईंच्या पेपरात संगं नाव छापून घेताना मधी कुठं म्हन्ले न्हाई तुम्ही." त्या माउलीचे माझ्यावर फार उपकार आहेत. इंदूरहून आणलेली माझी राखाडी रेशमी साडी त्यांना द्यावी. त्यांना ती आवडते आणि त्या ते कधीही कबूल करणार नाहीत.

कलम ५. सन्मानाच्या शाली कपाटात वरच्या खणात आहेत. त्या गटातल्या बायकांना द्याव्यात, थंडीत गोधडीला अस्तर होईल. स्मृतिचिन्हं भंगारवाल्याने घेतली तर बघावं, मागे एकदा त्याने नको म्हटलं होतं. एक गृहस्थ आहेत. त्यांचं नाव लिहायला वंदनाबाईंची मला मनाई आहे. माझा नदीकाठच्या व्यापारावरचा लेख त्यांनी आपलं नाव आधी घालून छापला आणि वर मला म्हणाले, "ताई, तुमचंही नाव आहे की." आहे, खाली, आणि तेही चुकीच्या आडनावाने. त्या अंकाची माझी प्रत त्यांना पोस्टाने पाठवावी. बाकी त्यांच्याशी माझं काही राहिलं नाही. माझ्या नावाने राष्ट्रीय चर्चासत्र मात्र कुणीही घेऊ नये, आणि त्यांना तर अध्यक्ष मुळीच करू नये.

कलम ६. घर. हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

माझा मुलगा चि. अंगद पुण्याला असतो. शेजारच्या हॉटेलवाल्या राधेश्यामला आमची जागा गाड्या लावायला हवी आहे. भाव चांगला देतो आहे, आणि अंगदने त्याला "आईला विचारून सांगतो" असं म्हणून ठेवलं आहे. म्हणजे जवळजवळ हो. दिवाणखाना संशोधनाला ठेवणार असं मी फोनवर सांगितलं तेव्हा अंगद भडकला. "आई, लोक पोराला घर देतात. तू खापराला द्यायलीस!" मीही कमी नाही. मी म्हणाले, "खापरं निदान जागा सोडून पुण्याला गेली न्हाईत." त्याने फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं, पण मी परत लावला नाही. तो वाईट नाही. त्याच्यावर मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे, फ्लॅटचे हप्ते आहेत. त्याचा हक्क नाही असं मी म्हणत नाही.

म्हणून ठरवते ते असे : पुढचा दिवाणखाना संशोधनासाठी राहील, त्याची किल्ली शीतल व बदरोद्दीन सर यांच्याकडे. मागच्या तीन खोल्या व अंगण अंगदचं. मात्र दिवाणखान्यात काम चालू असेपर्यंत त्याने आपला भाग विकू नये. ही अट त्याला बोचेल, हे मला कळतं. त्याने कोर्टात आव्हान दिलं तर शीतलची वर्षं तारखांमध्ये जातील. म्हणून त्याला माझी विनंती आहे की त्याने तसं करू नये. आईची विनंती आहे, आणि कायद्यात तिला कलम नाही, हे वंदनाबाईंनी मला सांगितलं आहे.

जादा मजकूर, सहीच्या दिवशी लिहिलेला.

आज सही करायची म्हणून सगळे जमले होते. अंगद न कळवता आला. पहाटेच पुण्याहून निघाला असणार, डोळे लाल होते. कागद घेतला आणि दारात उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. शीतल तर भिंतीला चिकटून उभी होती.

वाचून झाल्यावर त्याने वंदनाबाईंना विचारलं, "साक्षीदार कोण?"

एक आमचे शेजारी तातेराव, दुसरे अजून ठरायचे होते.

"मी बसलो तर चालतं का?"

वंदनाबाई म्हणाल्या, "तुम्हाला यात खोल्या मिळतात. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला बसू नये, उद्या कुणी शंका घेतं."

अंगदने कागद त्यांच्या हातात दिला. मग म्हणाला, "मंग माझं कलम काढा."

मी ओरडले, "वेडा आहेस का?" बदरोद्दीन सरही उठले, म्हणाले, "बेटा, जल्दी नको करू."

तो म्हणाला, "सर, राधेश्यामच्या हॉटेलवर उतरूनच आलो. त्याला न्हाई म्हणून सांगितलं." मग माझ्याकडे वळला. "आई, मी साक्षीला बसलो की पुढं कोर्टात जायला मलाच तोंड ऱ्हात न्हाई. तुला हेच भ्याव हाय ना? आणि अजून एक. तुझ्या सगळ्या पुस्तकांत मी ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीला. 'चि. अंगद याने त्रास दिला नाही.' दर वेळी तेच. या कागदावर तरी माझं नाव पयलं येऊ दे."

मी रडले, ते लिहून ठेवते, लाजत नाही.

मी पुष्कळ समजावलं, तो ऐकेना. हट्ट माझाच आहे, दुसरीकडून कुठून येणार? तेव्हा त्याच्या सांगण्यावरून कलम ६ मधील अंगदचा भाग मी माझ्या हाताने रद्द केला आहे. सगळं घर आता संशोधनाच्या कामाला राहील आणि ते बदरोद्दीन सरांनी सांभाळावं. अंगदला या कागदाने काहीही मिळत नाही. त्याला जे द्यायचं ते मी असेपर्यंत माझ्या हाताने देईन. आठ दिवस रजा टाकून आलोय म्हणतो.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

ठिकाण : शहागड, जिल्हा जालना
तारीख : १६ नोव्हेंबर २०२५

(सही) दैवशाला मच्छिंद्र तौर

साक्षीदार :

१. (सही) अंगद मच्छिंद्र तौर, राहणार पुणे. लिहून ठेवणारीशी नाते : मुलगा. या मृत्युपत्रात मिळणारा लाभ : काही नाही. आईने माझ्यासमोर सही केली. सही करताना कागद मी धरला होता, पेन तिनेच धरलं.

२. (सही) तातेराव खरात, निवृत्त तलाठी, राहणार शहागड. वरीलप्रमाणे, माझ्याही समोर.