थेट विमानाने अकरा तास

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खोली मिळाली. लाँड्रीत इस्त्रीचे काम आहे. दिवसभर उभी असते, पाय सुजतात, पण अंगावर नवीन वळ नाही. बरगडी अजून श्वासाला टोचते. तू तिकीट खिडकीवर गिऱ्हाइकांना घडाघडा सांगतोस, तसे मी रोज निजताना म्हणते: सात हजार दोनशे किलोमीटर, थेट विमानाने अकरा तास. मग झोप येते.

पत्ता वहिनीलाही सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. हे पत्र तुमच्या कंपनीच्या विमानात काम करणाऱ्या बाईंच्या हाती देते आहे. टपालाला पंधरा दिवस लागतात.

वहिनीला नमस्कार, तुला थोडा कमी.

तुझी धाकटी


१४ मार्च, गुरुवार, सकाळी अकरा

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. काल मी तिकीट खिडकी बंद करत असताना तुझा नवरा आत शिरला. माझी उजव्या हाताची बोटे दाराच्या फटीत धरून त्याने एकेक मोडली. तिसऱ्या बोटाला मी पत्ता सांगितला. वहिनीचे नाव उगाच घेतलेस.

मग त्याने तिकीट मागितले. थेट विमान भरले आहे असे खोटे सांगून मी दोन ठिकाणी बदलायचे दिले. तो आज दहाला निघाला. एकतीस तास. उद्या संध्याकाळी पाचला उतरेल. हे पत्र बाराच्या थेट विमानाने येते आहे, बाई आजच तुझ्या दारात टाकतील. इथल्या पोलिसांनी मागे तुलाच समजावून घरी धाडले होते, म्हणून त्यांच्याकडे गेलो नाही.

माझ्यावर राग नंतर काढ. आधी नीघ.

तुझा दादा


२९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वेळेत मिळाले. शुक्रवारी तीनच्या बसचे तिकीट काढले. बांधाबांध करताना सवयीने कपडे इस्त्री करत होते. दोनला दारावर लाथ बसली. तू लिहिलेले पाच तुझ्या घड्याळातले होते. इथले घड्याळ चार तास मागे. तो दुपारी एक वाजताच उतरला होता.

त्याने केस धरून मला दोनदा भिंतीवर आपटले. मी तापलेली इस्त्री त्याच्या तोंडावर दाबली, आणि तो हलायचा थांबेपर्यंत ती डोक्यात घालत राहिले. तो मेला, दादा. माझा डावा कान गेला. आता मी कोठडीत आहे.

सरकारी वकील म्हणतात, पत्रामुळे मला कळले होते, मी इस्त्री तापवून टपून बसले. माझे वकील म्हणतात, पत्रात पाच लिहिले आहेत, मग दोनला कोण टपून बसेल? त्यावर सरकारी वकील विचारतात, वीस वर्षे विमानांच्या वेळा सांगणारा माणूस चार तास विसरतो का? ती वेळ म्हणे मला सोडवता यावे म्हणून आपण दोघांनी ठरवून चुकीची लिहिली.

तू विसरलास, हे तुला इथे येऊन शपथेवर सांगावे लागेल. खोटे बोलून तिकीट विकलेस, तेही. नोकरी जाईल. लहानपणी शेजारच्यांची सायकल तू मोडलीस आणि मार मी खाल्ला, तू चकार शब्द काढला नाहीस. साक्ष सोळा एप्रिलला आहे. या वेळी मोठ्याने बोल.

येशील या भरवशावर,
तुझी धाकटी