समोरच्या परिटाची नजर

१ मार्च, सकाळ.
मिनर्व्हा देवीचा उत्सव संपला, की चोवीस तारखेस माझी वक्तृत्वशाळा उघडेल. नोला शहरात असे शिक्षण आजवर कोणी दिलेले नाही; म्हणूनच दृष्ट लागण्याचे भय. समोरचा परीट ओपियस तिरळा आहे. आज त्याने माझ्याकडे पाहिले आणि माझा घसा बसला. कार्यकारणभाव स्पष्ट आहे.

२ मार्च.
भयावर उपाय शास्त्रशुद्ध हवा. दारावर लिंग टांगतात, त्यात अश्लील काही नाही. प्रथमतः, ते जननशक्तीचे चिन्ह. द्वितीयतः, वाईट नजर आधी त्यावरच खिळते. तृतीयतः, पाहणाऱ्यास हसू येते, आणि हसणाऱ्यास मत्सर साधत नाही. बायकोला, विबियाला, हे सविस्तर समजावले. ती म्हणाली, की हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. आणायचेच तर आपल्या घराला शोभेल एवढेच आणा.

४ मार्च.
हातभर आणले. कांस्याचे, पंख, सिंहाचे मागचे पाय, खाली पाच घंटा. ओपियस म्हणाला, "गुरुजी, बांधून ठेवा. उडून जाईल." हसला. म्हणजे उपाय लागू पडला. तरी दाराला दुहेरी कडी घातली.

७ मार्च.
परिटावर पाळत. सूर्योदयापासून दुपारपर्यंत खिडकीत, पापणी न लववता. त्याने नऊ वेळा पाहिले. दर वेळी मी त्याच्याकडे पाहतच होतो, त्यामुळे नोंद अचूक.

९ मार्च.
 काल भटारखान्यातले जाते ओढणाऱ्या खेचराची मनापासून स्तुती केली. आज ते लंगडते आहे. भटारीण साल्विया कालच म्हणाली होती, की स्तुती केली की लगेच थुंकावे, म्हणजे दृष्ट लागत नाही. सुशिक्षितास ते शोभत नाही. ओपियसची नजर रस्ताभर पोचते, हे सिद्ध झाले.

१२ मार्च.
परीट खूष होऊन निवळेल, या हेतूने त्याच्याकडे वाळणाऱ्या लोकरी टोग्यांच्या शुभ्रतेवर बराच वेळ बोललो. संध्याकाळी कपडे उजळायच्या गंधकाच्या धुरीत दोन टोगे पिवळे पडले. स्वतःच्याच कामाला दृष्ट! किती भयंकर माणूस.

१५ मार्च, इड्स, म्हणजे महिन्याचा मध्य.
समाधान. आपल्या रस्त्यावर अकरा दारांवर लिंगे लागली. साल्वियाने तर भट्टीवर दगडात कोरून घेतले. माझे विवेचन लोकांना पटते आहे. शाळेत बाके पुरतील ना?

१८ मार्च.
मी रस्त्याने निघालो, की बाया दोन बोटांतून अंगठा काढून धरतात. दृष्टीवरचा तोडगा. दर वेळी दचकून मागे पाहिले. ओपियस दिसला नाही. म्हणजे लपून चालतो.

२४ मार्च, सकाळ.
बाके मांडली. कोणी नाही.

दुपार.
कोणी नाही. शेवटी धीर करून ओपियसला जाब विचारला. तो माझ्याकडे न बघता, टोगा पिळत म्हणाला, "गुरुजी, माझा डोळा तिरळा. मी बघतो ते तुमच्या शेजारच्या कोंबड्यांकडे. तुम्हीच महिनाभर माझ्याकडे टक लावून बसलाय. माझा थोरला तुमच्याकडे शिकायला यायचा होता, हो. आई त्याची नको म्हणाली. ते खेचर, मग माझे टोगे. अकरा घरांनी ती कुणासाठी टांगलीत, असं वाटतं तुम्हाला?"

२५ मार्च.
बाके आत घेतली. खिडकी लावली.
वाकून चूल फुंकताना विबियाच्या गळ्यातून दोरा बाहेर आला. त्याला बोटभर, पोवळ्याचे लिंग. कधीपासून घालतेस, असे विचारले. म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून.
कोरीवकाम फार नाजूक होते. तसे म्हणणार होतो. आधी बाजूला वळून थुंकलो.