माझा पिवळा फ्रॉक आणि बाकीची मालमत्ता

मी, ओबियागेली उमेआदी, धंदा शिवणकाम, राहणार मॉस साइड, मँचेस्टर, पासपोर्टाप्रमाणे वय एकसष्ट (खरं वय सांगू शकणारी माणसं लढाईत गेली), आज माझ्या शिवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझं हृदय थकलं आहे. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. मला कुणी धाक दाखवलेला नाही की भरीस घातलेलं नाही. एलिकेमने प्रयत्न केला, पण त्याचं पुढे येईलच. यापूर्वी मी लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि रागाच्या भरात मुलीला फोनवर सांगितलेलं सगळं रद्द समजावं.

वकीलबाईंनी बजावलं आहे की मुद्द्याचं तेवढं लिहा. मी मुद्द्याचंच लिहिते आहे, फक्त मुद्दा कुठे आहे ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

कलम १. माझ्या पश्चात या मृत्युपत्राची अंमलबजावणी अलहाजी सानी दानलादी, निवृत्त बसचालक, यांनी करावी. माझी मुलगी सोमतो हे वाचून कपाळाला हात लावणार. ती तोंडावर म्हणालीच होती, "आई, तो माणूस त्यांच्या सैन्यात होता. तुला आपल्यातलं कुणी मिळालं नाही?"

होता. एकोणीस वर्षांचा होता आणि नायजेरियाच्या सैन्याची लॉरी चालवत होता. आम्ही नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात पाला उकळून खात होतो तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. इथल्या आमच्या आफ्रिकी मंडळाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा भेटला तेव्हा जेवणाच्या रांगेत भात वाढत होता. मी ताटली मागे घेतली.

"तुमच्या हातचं मी खाणार नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग पुढच्या रविवारी तुम्ही वाढा. मी तुमच्या हातचं खातो."

आणि त्याने खाल्लं. आफ्रिकेची एकी म्हणून आमच्या हॉलमध्ये पुष्कळ भाषणं झाली. घानावाल्यांचा भात चांगला की नायजेरियावाल्यांचा, एवढ्यावरून तीच भाषणं करणारे एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. मला एकीतलं जे काही कळलं ते त्या दोन ताटल्यांत कळलं. तरी अलहाजींना या कामासाठी निवडण्याचं खरं कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम २. राहतं घर सोमतोला. विकायचं तर विक, पोरी, भिंतींना माझी हरकत नाही. शिवणाच्या खोलीतला उंच आरसा मात्र घराबरोबर विकू नकोस, आणि कुणाला फुकटही देऊ नकोस. गिऱ्हाइकं त्यात कपडे घालून बघायची. त्यांच्या मागे आणखी कोण दिसतं ते त्यांना कधी कळलं नाही, मला दिसायचं. कलम ६ प्रमाणे सगळं पार पडल्यावर आरशात एकदा नीट बघ. मोकळा दिसला तर ठेवून घे. नाही दिसला तर अलहाजींना बोलाव.

शिवणयंत्र मंडळाच्या शिवणवर्गाला. कात्री अमक्याच मुलीला असं नाही, जी ती कागदावर चालवणार नाही तिला.

कलम ३. गावी माझ्या यजमानांनी बांधलेलं घर. त्यांना माती देऊन आम्ही इकडे परतलो आणि महिन्याच्या आत धाकटे दीर फिडेलिस त्यात राहायला गेले. "वहिनी, घर रिकामं ठेवलं तर भुतं शिरतात हो," असं मला फोनवर म्हणाले. त्यांनी कुलूपही बदललं. जुन्या कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. ती मी दिरांना देते. माझ्या बचतीतही त्यांचा वाटा निघू शकतो, पण तो माझ्या हातात नाही, मंडळाच्या हातात आहे. कसा, ते पुढच्या कलमात.

कलम ४. मंडळासाठी मी शिवलेला मोठा पडदा मंडळाला. त्यात प्रत्येक देशाचं कापड आहे. कुणाचं कुणाशेजारी लावायचं यावर तीन बैठका झाल्या, शेवटी मी कुणालाच न विचारता शिवून टाकलं. आता उसवू नका.

माझी सगळी बचत मंडळाच्या दवाखान्याला. हा दवाखाना अलहाजींच्या गावी, नायजेरियाच्या उत्तरेला कात्सिनाच्या बाजूला, बाळंतिणींसाठी उभा राहायचा आहे. आमच्यावर बॉम्ब टाकणाऱ्या बाजूच्या गावात माझे पैसे जातील, याचं मला आधी नवल वाटायचं, आता वाटत नाही. बाळंतपणात बाई तिथेही मरते.

पण एक अट आहे.

एलिकेम आमच्या मंडळाचा सचिव. बापजादे घानाचे, स्वतः मँचेस्टरमध्ये वाढलेला, जाहिरातीचं शिकलेला. पोरगा वाईट नाही, हॉलचं गळकं छप्पर त्यानेच हातपाय हलवून दुरुस्त करून घेतलं. पण मी इस्पितळातून घरी आले त्याच आठवड्यात तो माझ्या श्रद्धांजलीच्या फलकाचा नमुना घेऊन आला. आमच्यात माणूस गेलं की त्याचा मोठा रंगीत फोटो छापून भिंतींवर लावतात, त्यामुळे नमुना आणला याचा मला राग नाही. मी उलट म्हटलं, दाखव, मीही बघते कशी दिसते मेल्यावर.

फलकावर उजवीकडे मी होते, डोक्याला सोनेरी कापड बांधलेली. डावीकडे ती होती.

"आंटी, रागावू नका, आधी ऐका तरी," एलिकेम म्हणाला. "इथून इथपर्यंत! जगातल्या निम्म्या लोकांनी हा फोटो पाहिलाय आणि ती मुलगी तुम्ही आहात हे कुणालाच माहीत नाही. लोक रडतील, आंटी. रडले की देतील. एका फोटोत दवाखाना उभा राहील."

"आणि आपण इतकी वर्षं शाळाशाळांत जाऊन कसले फोटो दाखवतो रे?"

"नवऱ्या मुली, फुटबॉलचे संघ, अक्राचा तो दंतवैद्य..."

"का दाखवतो?"

"आफ्रिका म्हटलं की लोकांना फक्त उपाशी पोर दिसतं म्हणून. पण आंटी, खरं सांगा, त्या दंतवैद्यासमोर कुणी थांबतं का? सगळे पुढे जातात."

"जाऊ देत. दंतवैद्याच्या अंगात कपडे आहेत."

त्याला काही कळलं नाही. ती मुलगी मी आहे हे सोमतोने त्याला सांगितलं असणार, पण फोटो कसा निघाला ते तिलाही मी कधी सांगितलेलं नाही. म्हणून आता लिहिते.

अट अशी: त्या मुलीचा फोटो माझ्या श्रद्धांजलीत, मंडळाच्या कुठल्याही कागदावर किंवा देणग्यांसाठी एकदाही वापरला, तर दवाखान्याला ठेवलेली माझी सगळी बचत दीर फिडेलिस यांना जाईल. वकीलबाईंनी हे कायद्यात बसवून दिलं आहे. एलिकेम, तू फिडेलिसना भेटलेला आहेस. आता विचार कर.

कलम ५. त्या फोटोविषयी.

मिशनच्या अन्नछत्रात फोटोग्राफर येणार अशी बातमी आली, म्हणून आईने मला आंघोळ घातली. पाणी कुठून आणलं होतं कोण जाणे. तेल नव्हतं, तर खोबऱ्याचा वाळका तुकडा अंगावर चोळला. मग गाठोड्यातून पिवळा फ्रॉक काढला. आम्ही घर सोडून पळालो तेव्हा तिने भांडी टाकली होती, फ्रॉक घेतला होता. फोटो काढायचा तर पोरीने नीट दिसावं, एवढं साधं तिचं म्हणणं होतं. कुठल्याही आईचं तेच असतं.

फोटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बरोबरच्या मास्तरांशी काहीतरी बोलला. मास्तर आईला म्हणाले, "साहेब म्हणतात, फ्रॉक काढा. फ्रॉकात हाडं दिसत नाहीत."

"मास्तर, मुलगी आहे हो ती," आई म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम. फोटो बघून ते लोक दूध पाठवतील."

आईने फ्रॉक काढला. कमरेचे मणी मात्र तिने सोडू दिले नाहीत. मग तिला बाजूला व्हायला सांगितलं, कारण ती मध्ये येत होती. ती फ्रॉक हातावर घेऊन उन्हात उभी राहिली. फोटो निघाला. ती म्हणाली, "झालं गं. हात वर कर, आले मी."

मी हात वर केले आणि विमान आलं.

मास्तरांनी मला उचललं. पुढे मिशनवाल्यांनी मला त्यांच्या विमानाने गाबोन देशात नेलं, लढाई संपल्यावर परत आणलं, आत्याने वाढवलं. आई त्या अंगणातून कुठे गेली ते कुणीही सांगू शकलं नाही. फ्रॉकही सापडला नाही.

लग्न होऊन मँचेस्टरला आले, तेव्हा एका चर्चच्या दारात देणग्यांच्या डब्यावर ती मुलगी होती. मणी पाहून ओळखलं. त्या दिवसापासून ती इथे आहे. डब्यावरची मुलगी हात खाली सोडून उभी असते, माझ्या आरशातली दोन्ही हात वर करून. कुणी गिऱ्हाईक नवा झगा डोक्यावरून घालू लागलं की ती मागे येते आणि बघत राहते. मी म्हातारी झाले, ती सहा वर्षांच्या पुढे गेली नाही. मी तिला घाबरते, हे आता लिहायला हरकत नाही. पण ती यायची थांबली असती तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं, तेही कळत नाही.

मग माझ्याकडचा फोटो जाळून का टाकला नाही? डब्यांवर छापलेला फोटो कापलेला आहे. फोटोग्राफरला मी पत्र लिहिलं होतं. त्याच्या म्हातारपणी त्याच्याकडून पूर्ण फोटो आला, जाड पुठ्ठ्यावरचा, जवळजवळ त्या मुलीच्याच उंचीचा. सोबत एक ओळही नव्हती. तो कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे. मी आयुष्यात एकाच माणसाला तो दाखवला. लोक अशा फोटोत फासळ्या बघतात. अलहाजींनी चष्मा पुसला, खाली वाकले आणि विचारलं, "ओबी, ही खाली कोपऱ्यात सावली कुणाची?"

"आईची."

"तिच्या हातावर काय आहे?"

"माझा फ्रॉक."

त्यांनी फोटो परत भिंतीकडे तोंड करून ठेवला. माफी वगैरे काही मागितली नाही, मागितली असती तर मी दार दाखवलं असतं. पुढच्या रविवारी ते हॉलमध्ये एक पुडकं घेऊन आले. आत पिवळं कापड होतं.

"रंग बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"थोडा फिका होता."

"मग धुवून घे," ते म्हणाले, आणि भाताच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कलम ६. माझं दफन मँचेस्टरमध्येच करावं. गावाकडच्यांनी बोंबलू नये. आईची कबर कुठे आहे ते सांगा, मी तिच्या शेजारी यायला तयार आहे.

श्रद्धांजलीच्या फलकावर माझा शिवणयंत्रापाशी बसलेला फोटो लावावा, तोंडात टाचण्या धरलेला. तो बघायला कुणी थांबलं नाही तरी चालेल.

त्या कापडाचा फ्रॉक शिवून झाला आहे. माप मी आरशातून घेतलं, दुसरीकडून मिळण्यासारखं नव्हतं. तो कपाटात, फोटोच्या मागे, पातळ कागदात गुंडाळलेला आहे. तो मी त्या मुलीला देते. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्र करणारी आणि वारस एकच असू शकत नाही. मी म्हटलं, आम्ही एक नाही, आरशात बघा. त्यांनी बघितलं नाही.

सोमतो, हे तुझं काम. पेटी बंद करण्याआधी फोटो बाहेर काढ आणि त्याच्यावर फ्रॉक तिच्या अंगावर येईल असा घाल. बटणं मागे आहेत, पुठ्ठ्याच्या मागून लाव. घाई करू नकोस आणि त्या वेळी कुणाला फोटो काढू देऊ नकोस. फ्रॉक गुडघ्यापर्यंत येईल, खालचा कोपरा उघडा राहील. तो झाकायचा नाही, तिथे आई उभी आहे, तिला बघू दे. मग फोटो माझ्या शेजारी ठेव.

बाह्या रिकाम्या राहतील. राहू देत. हात ती स्वतः घालेल.

सही: ओबियागेली उमेआदी
ठिकाण: मॉस साइड, मँचेस्टर
तारीख: ९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदारांना काही ठेवता येत नाही असं कळल्यामुळे शेजारच्या मिसेस गेराटी यांना द्यायची किटली मी आजच देऊन टाकली आहे.

वरील सही उमेआदीबाईंनी आमच्या देखत केली व आम्ही त्यांच्या देखत केली. सही करताना त्या शुद्धीवर आणि शांत होत्या. पेन ठेवल्यावर त्या आरशाकडे वळून "हात वर ठेव, आले मी," असं म्हणाल्या. खोलीत आम्हा तिघींशिवाय कुणी नव्हतं.

साक्षीदार: १. ब्रिजिट गेराटी, शेजारीण
२. हॅना प्रोथेरो, औषधांच्या दुकानात नोकरी