बोरमाळ काढली तरी

सारसोळे, मंगळवार, दिवेलागणीला

लिही प्रमिला, सांगते तसंच लिही. सून आहेस म्हणून माझ्या रोजनिशीत आपली अक्कल घालू नकोस.

छातीत आज परत कट् झालं. खोल श्वास घेतला की होतं, चिंबोरीची नांगी मोडावी तसं. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान बोट ठेवून दाखवलं असतं. डॉक्टरने कार्डिओग्राम काढला, म्हणाला, "आजी, सगळं क्लिअर आहे." मग वाजतं काय? तुझा नवरा म्हणतो, "आये, तुझी बोरमाळ वाजते. फुकट टेन्शन घेते तू." मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं.

आज बोरमाळ काढली. लग्नात गळ्यात पडली ती बाळंतपणातही काढली नव्हती. उशीखाली ठेवली आणि तुला म्हटलं, कान लाव.

श्वास घेतला. कट्.

तू खोटं बोलायला हवं होतंस गो. एरवी भाजीत मीठ बरोबर हाय म्हणून किती सफाईने सांगतेस! आज मात्र म्हणालीस, "आई, मला पन आयकू आलं."

कालपर्यंत वाटायचं, म्हातारीला भास होतात. भास बरे होते. आता दोघींनी ऐकलं, म्हणजे आत खरंच काहीतरी हाय.

उद्या दवाखान्यात जाऊ. डोळे पूस, कागद भिजतोय. आणि आधी ती माळ घाल माझ्या गळ्यात. जेवताना कट् झालं, तर तुझ्या नवऱ्याला माळ दिसायला हवी.