मनातलं सांगायचा तास

बाबा, तुमचं रजिस्टर माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर घाटंजीच्या घरातलं तुमचं कपाट आवरताना ते आईला सापडलं. तिने वरची धूळ पदराने पुसली, दोन पानं उलटून पाहिली आणि ते माझ्यापुढे टाकलं. "घे वं, तुह्याच गोठी आहेत त्यात," म्हणाली. त्याला अकरा वर्षं झाली. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, तुमच्या कचेरीतलं आवक-जावकचं रजिस्टर. जन्मभर तुम्ही त्याच टेबलावर बसलात. कुठलं पत्र कोणाकडून आलं, कोणत्या विषयाचं, त्याचं पुढे काय करायचं, हे लिहून घेणं हेच तुमचं काम. घरासाठीसुद्धा तुम्हाला वेगळी वही सुचली नाही. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा. 'कोणाकडून'च्या खाली पानामागून पानं एकच शब्द आहे, मुलगी.

तुम्हाला चांगला बाप व्हायचं होतं, हे मी नाकारत नाही. सगळी पंचाईत त्यानेच झाली. माझ्या मैत्रिणींचे बाप मनात आलं की मारायचे आणि मनात आलं की बाजारातून जिलबी आणायचे. तुम्ही शिकून यायचा. मंगल कार्यालयावर कापडी फलक लागला की नाव नोंदवणाऱ्यांत तुम्ही पहिले. सुखी कुटुंब, आनंदी पालक, रागावर ताबा. यवतमाळला शिबिर असलं तर रजा टाकून एसटीने जायचा आणि आल्याबरोबर, पायसुद्धा न धुता, शिकून आलेलं आमच्यावर करून पाहायचा. हास्याच्या वर्गाला जाऊन आलात तेव्हा आठवडाभर सकाळी अंगणात आम्ही तिघं हात वर करून हसत होतो. आई कणकेने भरलेले हात तसेच वर धरायची. मला हसू यायचं नाही आणि मी हसले नाही की तुम्ही चिडायचा. मग कौतुकाचं शिबिर झालं. मुलांचं दिवसातून तीनदा कौतुक करावं, असं तिथे सांगितलं होतं. तुम्ही तिन्ही कौतुकं कचेरीत जायच्या आधीच उरकायचा. "वेणी चांगली. अक्षर चांगलं. जेवली चांगली." मग चपला घालून निघायचा. संध्याकाळी माझ्या वाट्याला काही उरलेलं नसायचं.

राग आला की दहापर्यंत आकडे मोजावेत, हेही तुम्ही तिथूनच आणलं. मनातल्या मनात मोजायचे असतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी भिंतीला पाठ लावून उभी, तुम्ही समोर, हात मागे बांधलेले. एक. दोन. तीन. सहा-सातला तुमचा आवाज चढायला लागतो. दहा झाले की हात मागून पुढे येतो. हे आकडे घरात यायच्या आधी थप्पड कधी बसली तेही कळायचं नाही. आता मला तिची वाट पाहावी लागायची. एकदा मी आठ ऐकूनच रडायला लागले, तर तुम्ही थांबलात. मला वाटलं, सुटले. तुम्ही पुन्हा एकपासून सुरू केलंत. नंतरच्या शिबिरात ते घेणारे सर म्हणाले, मुलांना मारू नका, थोडा वेळ एकटं बसवा. ते तुम्हाला फारच पटलं. स्वयंपाकघरामागची कोठीची खोली, तुरीच्या डाळीचे डबे, खिडकी नाही, आणि दाराला बाहेरून कडी. थोडा वेळ म्हणजे किती, हे तुम्ही सरांना विचारून घेतलं नसावं. मी आतून दार वाजवत नसे. वाजवलं की वेळ वाढायचा.

आणि मग रविवारचा तास आला. मी तेव्हा सातवीत होते. आठवड्यातून एक तास मुलांशी मनमोकळं बोला, असं सरांनी सांगितलं होतं. तुम्ही रविवारी दहा वाजता पुढच्या खोलीत रजिस्टर उघडून बसायचा, पेनचं टोपण काढायचा आणि समोरच्या खुर्चीवर मला बसवायचा. "सांग बेटा, मनातलं सांग. तासभर आहो मी इथं." पहिले तीन-चार रविवार मी काहीबाही सांगितलं. गणिताच्या बाई, शेजारणीचं मांजर. तुम्ही तेही लिहून घ्यायचा. पण खरं सांगते, मला तो तास आवडायला लागला होता. तुमचा आवाज त्या तासात खाली असायचा. हात मागे बांधलेले नसायचे, दोन्ही टेबलावर दिसायचे. कोणीतरी माझं बोलणं लिहून घेण्याइतकं महत्त्वाचं समजतंय, या विचाराने मी फुलून जायची. त्यातल्याच एका रविवारी मी तुम्हाला माझ्या मनातली खरी गोष्ट सांगितली. आई तेव्हा चार दिवस ढाणकीला माहेरी जाऊन आली होती. मी म्हटलं, "बाबा, आई माहेरी गेली की घर छान वाटतं, कारण मग तुम्ही तिच्यावर ओरडत नाही." आणि म्हटलं, "हे कोणाला सांगू नका." तुम्ही मान हलवलीत. डोळ्यांत पाणीही आणलंत. मला वाटलं, तुम्हाला समजलं.

पंधरा दिवसांनी मंगल कार्यालयात सुखी कुटुंब शिबिराचा समारोप होता. एकीकडे बाया, एकीकडे माणसं. मी आईजवळ तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझा हात तिच्या मांडीवर होता. सर म्हणाले, "ज्यांच्या घरात बदल घडला, त्यांनी पुढे येऊन अनुभव सांगावा." तुम्ही उठलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता तुम्ही, मला अजून दिसतो. माईकवर फुंकर मारून तुम्ही म्हणालात, "आता माझी मुलगी मला सगळं सांगते. काहीही लपवत नाही. परवाच म्हणाली, बाबा, आई माहेरी गेली की घर छान वाटतं!" एवढं बोलून तुम्ही थांबलात. अख्खं कार्यालय हसलं. माणसांकडून जोरात टाळ्या आल्या. सरांनी तुमची पाठ थोपटली, नारळ दिला, पेन दिलं. आईने माझा हात आपल्या मांडीवरून उचलला आणि माझ्याच मांडीवर नेऊन ठेवला.

घरी आल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "बाबा, मी कोणाला सांगू नका म्हटलं होतं." तुम्ही नारळ देवापुढे ठेवत होता. म्हणालात, "अवं, टाळ्या वाजवल्या लोकायनं! तुह्यंच कौतुक झालं नं त्यात." मग मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं की ते वाक्य अर्धं होतं, पुढे तुमच्याबद्दल होतं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "असतं तं सांगतलं असतं नं त्याईनं." दुसऱ्या दिवसापासून तिने माझी वेणी घालायची सोडली. भांडली नाही, बोलायचं बंद केलं नाही, ताटात कमी वाढलं नाही. फक्त मी जवळ गेले की ती काहीतरी आणायला उठायची. आजही ती यवतमाळला माझ्याकडे येते, दोन दिवस राहते, आणि पिशवी उचलताना दारात म्हणते, "मी जातो बाई आता. मी नसलो का बरं वाटते तुले." सत्तरीची म्हातारी आहे ती. मी तिला काय समजावू?

रविवारचा तास तुम्ही बंद केला नाहीत. उलट त्या नारळानंतर तुम्हाला जोर चढला. दर रविवारी दहा वाजता तीच खुर्ची, तेच उघडं पेन. "सांग बेटा, मनातलं सांग." मी म्हणायची, "काही नाही." तुम्ही 'काही नाही' असं लिहायचा, खाली तारीख टाकायचा, आणि तरी तास पुरा होईपर्यंत मला उठू द्यायचा नाही. बारावीपर्यंत पानंच्या पानं भरली आहेत. मला नागपूरला पहिली नोकरी लागली ते तुम्हाला शेजारच्या काकूंकडून कळलं. त्यांना पेढे मीच नेऊन दिले होते, तुम्ही घरात असताना, तुमच्या खिडकीवरून. तुमचं तोंड उतरलेलं मला दिसलं. मला बरं वाटलं.

मग तुमचं शेवटचं दुखणं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितल्यावर मी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन घाटंजीला आले. तुम्ही आतल्या खोलीत पडून होता, मनगटं काडीसारखी झालेली. दुपारची वेळ होती, आई बाळाला घेऊन ओसरीत होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता तरी त्या दिवसाचं काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "सांग बेटा, मनातलं सांग." बारा-तेरा वर्षं साचलेलं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. फार कठोर नव्हतं ते. आईला एकदा खरं सांगा, एवढंच होतं. तुमच्या तोंडून तिने ऐकलं असतं, मानलं असतं. मी म्हटलं, "काही नाही." मग, मी कधीच विचारलं नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. "मले भेव लागून राह्यलं, बाई. दार लागलं का लय भेव लागते. कोणाले सांगजो नको." मी तुमचं पांघरूण नीट केलं, "पडा आता" म्हटलं आणि बाहेर येताना दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. तुम्ही आतून वाजवलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात आणि ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

तेराव्यानंतर आईने रजिस्टर पुढे टाकलं तेव्हा मी तो रविवार शोधून काढला. मला वाटत होतं की तुम्ही वाक्याचा शेवट ऐकलाच नसेल, किंवा विसरला असाल. माणूस आहे, चुकतं. पण तुमच्या त्या सुरेख, एकसारख्या अक्षरात माझं अख्खं वाक्य होतं. कारण मग तुम्ही तिच्यावर ओरडत नाही, इथपर्यंत. 'कोणास सांगू नये' हेसुद्धा होतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'समारोपात सांगणे. फक्त पूर्वार्ध.' ते पान आईला दाखवायचं म्हणून मी उठले होते. दारापर्यंत जाऊन परत आले. तुम्ही हयात असताना तिने तुमचा शब्द मानला, आता तुमच्या माघारी तिच्यापाशी तुमचं काय उरलं असतं, असा विचार केला, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला ते पान एकटीला हवं होतं.

हे सगळं आज का लिहितेय, तर गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत पालकांची कार्यशाळा झाली. लेक आता सातवीत आहे. मी असल्या कार्यशाळांना जात नाही, पण या वेळी मुद्दाम गेले. तोंडपाठ करून गेले होते. मोजलेले आकडे, कोठीची खोली, माईक, नारळ, सगळं तिथल्या आईबापांना सांगायचं आणि म्हणायचं, घरी जा आणि पोरांना यातून सोडा. मॅडम तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "आपल्या आईवडिलांशी मनातलं बोललाय, असा एखादा प्रसंग कोणी सांगेल?" मी हात वर केला. माईक हातात आला. समोर शंभरेक चेहरे, सगळे माझ्याकडे पाहतायत. आणि मी म्हटलं, "माझे वडील शेवटच्या दिवसांत मला म्हणाले, बाई, मला भीती वाटतेय. मी त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्या मनातलं सगळं त्यांना सांगितलं." एवढं बोलून मी थांबले. बाया ओढण्यांनी डोळे पुसत होत्या. मग टाळ्या आल्या. मॅडमनी मला मिठी मारली, हातात गुलाबाचं रोप दिलं.

तुमचं गुपित फोडलं याचं मला वाईट वाटलं नाही. तुम्ही मेला आहात, तुम्हाला काय त्याचं. पण खुर्चीवर परत येताना माझे कान गरम झाले होते आणि पाय हलके पडत होते. बाबा, त्या टाळ्या मला फार आवडल्या. घरी येऊन मी रोप कुंडीत लावलं आणि दोन दिवस त्याच आवाजात वावरले. त्या पांढऱ्या शर्टातला तुमचा चेहरा कसा दिसत असेल आतून, ते मला कळलं. त्याने मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. कळलं एवढंच.

येत्या शनिवारी मॅडमनी पुन्हा बोलायला बोलावलंय. "लेकीबरोबरचा एखादा अनुभव सांगा," म्हणाल्या. मी हो म्हटलं. परवा तुरीच्या शेंगा सोलताना लेक माझ्या खांद्याला टेकून बसली होती आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. बराच वेळ शब्द शोधत होती. "आई, कोणाला सांगू नको हं. बाबांनापण नको," म्हणाली. मी म्हटलं, नाही सांगत.

हे पत्र कुठे जायचं नाही, याला जावक नंबर नाही. आणि बाबा, आज मी तुमचं रजिस्टर तुम्हाला लिहायला म्हणून काढलंच नव्हतं. मागे कोरी पानं शिल्लक होती. लेकीची गोष्ट मी त्यातल्या पहिल्या पानावर तारखेसकट उतरवून घेतली आहे. 'कोणास सांगू नये' हेही लिहिलं आहे. शेऱ्याचा रकाना तेवढा अजून कोरा आहे.