नऊ वर्षांनी वाजलेला ऑर्गन

तीर्थरूप बाबा,

दुरूनच वाकून नमस्कार.

इथल्या खेड्यातल्या चर्चचा जुना ऑर्गन नऊ वर्षांनी वाजला! भाता उंदरांनी कुरतडला होता. तुम्ही हार्मोनियमला लावता तसंच चामड्याचं ठिगळ लावलं. शिडीवरून घसरले होते, पण हात आता बरा आहे. आईला सांगू नका.

काल इथल्या म्हाताऱ्या वादक बाई आल्या. त्यांना आता ऐकू येत नाही. त्यांनी पट्टी दाबली आणि विचारलं, "वाजतोय का?" मी त्यांचा दुसरा हात लाकडावर टेकवला. लाकूड थरथरत होतं. "वाजतोय गं!" म्हणत त्या रडू लागल्या.

बाबा, हल्ली फोनवर तुम्ही नुसतं "हो हो" म्हणता. ऐकू येईनासं झालंय ना? माझ्यापासून कशाला लपवता? म्हणूनच आज फोन न करता लिहिलं.

तुमचीच,
चिमणी