मेलबर्न किती मुक्काम

कडा, ता. आष्टी
१८ जानेवारी २०२५

ती. दादास,
उज्ज्वलाचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तू, वहिनी, तेजश्री मजेत असाल.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू ‘मीटिंग आहे’ म्हणतोस आणि मी हवापाण्यावर येते. आपल्या गावचा प्रवीण परत मेलबर्नला निघालाय. त्याच्या बॅगेत हे आणि शेंगदाण्याची चटणी देते आहे. चटणी आधी खा, पण पत्रही वाच.

आप्पांची तब्येत ठणठणीत. मेंढरं निम्मीच राहिलीत, तरी पहाटे रानात जाणं सुटत नाही. माझं ऐकतील तर ते आप्पा कसले.

आई गेली तेव्हा तू म्हणालास, लई लांब हाय, पोचणार न्हाई. तेराव्यानंतर आप्पांनी मला विचारलं, किती लांब? मी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावून दाखवला. मुंबईच्या विमानतळापासून मेलबर्नच्या विमानतळापर्यंत सुमारे दहा हजार किलोमीटर. विमान त्यांना माहीत नाही असं नाही, पण वाट म्हटली की ते ती मुक्कामातच मोजतात. मेंढरं दिवसाला दहा किलोमीटर चालतात, मग मुक्काम. म्हणजे हजार मुक्काम. एवढ्या लांबून लेकरू कसं येईल, म्हणाले, आणि शांत झाले. साखराआत्या तुझ्याबद्दल काही बोलली की तिलाही हाच हिशेब ऐकवायचे.

मागच्या आठवड्यात प्रवीण भेटायला आला. आप्पांनी सहज विचारलं, वाटेत मुक्काम किती पडले? तो हसला. मुक्काम कसले, म्हणाला, मेलबर्नला विमानात बसलो, जेवलो, एक झोप काढली, उठलो तर मुंबई. बारा-तेरा तास.

आप्पांनी कप खाली ठेवला. मेंढरांना पाणी दाखवायला म्हणून गेले, ते दिवेलागणीलाच परतले. मला वाटलं, आता तुझ्यावर चिडतील. खरं सांगू, मला ते हवंच होतं. आईच्या उशाशी मी एकटी होते, दादा. तो राग माझा अजून गेलेला नाही.

जेवताना म्हणाले, “एकाच मुक्कामावर हाय पोरगं. मंग त्याला वाटंचं भ्या न्हाई, माझं हाय. मेंढरं इका म्हनला, तवा मीच त्याला दारातनं हाकललं.”

भाकरी संपवून आप्पांनी हात धुतले आणि ते म्हणाले, “त्यो येत न्हाई तर आपून जाऊ. एका रातीचं तर हाय.”

दुसऱ्याच दिवशी मेंढरं सांभाळायला सटवाला सांगून आले. मग आम्ही पासपोर्टच्या फोटोसाठी आष्टीला गेलो. फोटोवाला म्हणाला, फेटा काढा. आप्पांनी काढला. चारचौघांत त्यांचं उघडं डोकं मी याआधी आई गेली तेव्हाच पाहिलं होतं.

व्हिसासाठी बोलावण्याचं पत्र तुझ्याकडून लागेल. ते पाठव. पाठवायचं नसेल तर तसं तूच त्यांना फोन करून सांग, माझ्याकडे निरोप देऊ नकोस. काय वाटेल ते कारण दे. फक्त लांब आहे, असं म्हणू नकोस.

वहिनींना नमस्कार, तेजश्रीला गोड पापा.

आप्पांची, आणि अजून तुझीही,
उज्ज्वला